सव्वीस अंड्यांचा हिशोब: ढालकिड्याच्या प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी, दुपार

घेवड्याच्या कुंडीत मावा पडून चार-पाच दिवस झालेत. कोवळे शेंडे काळेभोर दिसतात, पानांवर चिकट थर आलाय. आज त्यात एक ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, सापडला. लाल पाठ, सात काळे ठिपके. प्रत्येक पंखावर तीन, आणि सातवा मानेजवळ मधोमध. हा सातवा ठिपका खरं तर दोन अर्ध्या ठिपक्यांचा असतो, पंख मिटले की एक होतो. कार्ल लिनियसने १७५८ मध्ये नाव देताना हेच सात ठिपके धरले: कॉक्सिनेला सेप्टेमपंक्टाटा.

आकाराने मोठा आहे आणि पोट फुगलेलं आहे, म्हणून मादी असावी असं धरून चालले आहे.

काचेची रुंद बरणी, तळाला टिश्यू पेपर, मावा असलेला घेवड्याचा शेंडा, पाण्याचा ओला बोळा, तोंडाला मलमलचं कापड आणि रबर. एवढाच सरंजाम. खोलीचं तापमान २५ अंशांच्या आसपास. प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय: एका पुंजात जितकी अंडी, त्यातली किती शेवटपर्यंत जातात आणि बाकीच्यांचं काय होतं?

१५ जानेवारी

बरणीत सोडताना चिमटीत जरा जास्त दाबली गेली. लगेच पाय आत ओढून उलटी पडून राहिली आणि पायांच्या सांध्यांतून पिवळे थेंब आले. ते तिचं रक्तच. त्यात कॉक्सिनेलिन नावाचं कडू अल्कलॉइड असतं आणि वासही उग्र असतो, बोटाचा वास दोनदा साबण लावून गेला. पक्ष्याने एकदा चोचीत धरून टाकून दिलं की तो लाल रंग लक्षात ठेवतो. यापुढे तिला हाताने उचलायचं नाही, मऊ कुंचल्यावर चढवायचं. रक्त उगाच खर्ची घालायला लावणं बरं नाही, अंड्यांसाठी तिला ताकद हवी.

१७ जानेवारी, संध्याकाळ

अंडी!

पानाच्या खालच्या बाजूला, माव्यापासून बोटभर अंतरावर. पुंज घालून संपायच्या आत मी नशिबाने पोहोचले, त्यामुळे शेवटची सहा-सात अंडी घालताना पाहता आली. ती पानावर स्थिर उभी राहते, पोटाचं टोक लांबवून खाली टेकवते, थोडं वर उचलते, आणि टोकातून पिवळं, लांबोडकं अंडं उभंच्या उभं पानाला चिकटून राहतं. मग अर्धं पाऊल पुढे. एका अंड्याला साधारण मिनिट लागत होतं. मध्ये एक मावा तिच्या तोंडासमोरून चालत गेला, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. एरवी असा मावा सुटला नसता.

भिंगातून दोनदा मोजली. २६. प्रत्येक जेमतेम एक मिलिमीटर उंच, एकमेकांना खेटून, पेटीत उभ्या मेणबत्त्या रचाव्यात तशी.

ती इथे आल्यापासून एकटीच आहे, नर नाही. तरी अंडी फळलेली असू शकतात. मिलनाच्या वेळी मिळालेले शुक्राणू मादी पोटातल्या एका पिशवीत साठवून ठेवते आणि पुढे अंडी घालताना लागतील तसे वापरते. बाहेर कधीतरी तिचं मिलन झालं असेल, हे तीन दिवसांत कळेल.

१८ जानेवारी

आज आणखी १४ अंडी, यावेळी टिश्यूवर. मावा भरपूर असला की रोजच्या रोज पुंज घालतात, आयुष्यभरात कित्येक शे. पण मी पहिल्या २६ वरच लक्ष ठेवणार. १४ अंड्यांचा टिश्यू कापून बाहेरच्या कुंडीत पानाला अडकवला. आईला दुसऱ्या बरणीत हलवलं, कारण प्रौढ ढालकिडे अंडी खातात, भूक लागली तर स्वतःचीही.

१९ जानेवारी, रात्र

रंग बदलतोय. सकाळपर्यंत सगळी पिवळीधमक होती, आता बरीचशी करडी झालीत. भिंग डोळ्याला लावून मोजत बसले: करडी २३, पिवळी ३. करडा रंग म्हणजे कवचातून दिसणारी आतली अळी. पिवळी राहिलेली बहुधा फळलेली नाहीत. हा आकडा आज लिहून ठेवणं महत्त्वाचं आहे, उद्या मोजायला ती जागेवर असतीलच असं नाही.

२० जानेवारी, सकाळ ६:४०

फुटायला लागली. कवचाला वरून चीर जाते, आधी डोकं, मग पाय बाहेर येतात. अळी अंग वर काढते आणि रिकाम्या कवचावरच बसून राहते. पहिल्यांदा पारदर्शक राखाडी, तासा-दोन तासांत काळी. लांबी दीड-दोन मिलिमीटर. सहा पाय अंगापासून बाहेर पसरलेले, मागे निमुळतं होत गेलेलं पोट. मगरीचं पिल्लू मुंगीएवढं केलं तर असंच दिसेल.

दुपारी १२ पर्यंत १९ बाहेर.

म्हणजे करड्यांतली ४ आणि पिवळी ३ अजून तशीच.

२० जानेवारी, दुपार ३:३०

भाची आलीय, भिंग तिच्याकडे दिलं. दोन मिनिटांत ओरडली, "आत्या, ही बघ, ही अंडं खातेय!"

खरंच. आधी निघालेल्या अळ्या शेजारच्या न फुटलेल्या अंड्यांना तोंड लावून बसल्या होत्या. एका करड्या अंड्यावर तर तिघी. जबड्याने कवच भोसकायचं आणि आतलं शोषून घ्यायचं, मावा खातात तसंच. त्या अंड्यात पाय हलताना मला सकाळी दिसले होते, हे मी भाचीला सांगितलं नाही. तिला मात्र ते कळलंच. तिने विचारलं, "आतली जिवंत होती का गं?" मी हो म्हटलं.

थोडा वेळ गप्प बसून ती म्हणाली, "मग आईला माहीत नसतं का, की असं होणार?"

या प्रश्नाने मला आज रात्री झोप येईलसं वाटत नाही. तिला काय सांगितलं ते लिहून ठेवते. नुकत्या जन्मलेल्या अळीचा जबडा एवढासा, पाय हळू, आणि मावा तिच्याएवढाच मोठा, लाथा झाडणारा. पहिला मावा पकडेपर्यंत कितीतरी अळ्या उपाशी मरतात. पोटात एखादं अंडं गेलेलं असेल तर शोधायला जास्त वेळ मिळतो. म्हणजे पुंजातलं न फुटणारं अंडं हा फुटणाऱ्यांचा पहिला शिधा असतो. हार्मोनिया अ‍ॅक्सिरिडिस या ढालकिड्यावर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की आजूबाजूला खाणं कमी आहे असा अंदाज आला की मादी न फळणारी, नुसती खाण्यासाठीची अंडी जास्त घालते. तेव्हा आईला अगदीच माहीत नसतं असं म्हणता येत नाही.

संध्याकाळी ७ वाजता: सातही अंडी संपली. २६ ची बेरीज जुळली, १९ अधिक ७. तीन पिवळ्यांचं मला काही वाटत नाही. चार करड्यांचा प्रश्न मात्र राहिला. ती फुटणारच नव्हती, की फक्त उशिरा फुटणार होती?

२१ जानेवारी

अळ्या जवळपास दिवसभर कवचांवर घोळका करून बसल्या, आज सकाळी पांगल्या. लगेच वाटणी केली. १२ अळ्या वेगवेगळ्या छोट्या पेट्री डिशमध्ये, ७ एकत्र मोठ्या बरणीत. दोन्हीकडे मावा भरपूर. एकत्र राहिल्याने काय फरक पडतो ते पाहायचं.

अळीला माव्याचा वास लांबून येत असेल अशी माझी समजूत होती. तसं काही दिसत नाही. ती डोकं डावी-उजवीकडे आपटत चालते आणि मावा तोंडाला लागला तरच थांबते, सेंटिमीटरभर अंतरावरूनही चुकते. एकदा खाल्लं की मात्र चाल बदलते: हळू होते, वळणं घेत त्याच जागी घुटमळते. मावा एकेकटा नसतो, कळपाने असतो, एक सापडला तर शेजारी दुसरा असणार हे तिच्या चालण्यातच आहे.

चालताना पोटाचं मागचं टोक सातव्या पायासारखं पानाला चिकटवते. डिश उलटी केली तरी पडत नाही.

२३ जानेवारी

पहिली कात. १९ पैकी १७ अळ्यांनी काल रात्री ते आज दुपारमध्ये टाकली. काळी सुरकुतलेली कातडी पानाला मागच्या टोकाने चिकटलेली राहते. एकूण चार अवस्था, तीन काती, मग कोष.

२५ जानेवारी

दुसरी कात. आता कडेला नारिंगी ठिपके उमटलेत.

डिश नंबर ४ मधली अळी कातीत अडकली. डोकं सुटलं, मागचे दोन पाय जुन्या कातडीत राहिले. मी ओल्या कुंचल्याने सोडवायचा प्रयत्न केला आणि संध्याकाळी ती मेली. बोळा सुकला होता, हवा कोरडी पडली असावी. चूक माझी. आजपासून प्रत्येक डिशमध्ये सकाळ-संध्याकाळ ओल तपासायची.

भाचीने वांग्याच्या पानावरून एक अळी आणली. पिवळी, अंगभर फांद्या फुटलेले काटे. "ही पण लेडीबर्डचीच ना?" हो, पण हिच्या पानावर मावाच नव्हता. पानाचा हिरवा गर खरवडून खाल्लेला, शिरांची जाळी उरलेली. हा अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा, हेनोसेपिलॅक्ना. त्याच कुळातला, पण पानं खाणारा. जगात ढालकिड्यांच्या सहा हजारांच्या आसपास जाती आहेत, बहुतेक शिकारी, काही पानं खाणाऱ्या, काही तर पानावरची भुरी बुरशी खाऊन जगणाऱ्या. ठिपके पाहून मित्र ठरवायचा नाही, अळीच्या तोंडाजवळ काय आहे ते बघायचं.

२६ जानेवारी

आईवर एक छोटा प्रयोग. दोन सारख्या बरण्या, दोन सारखे मावा असलेले शेंडे. एका शेंड्यावर काल दिवसभर तिसऱ्या अवस्थेतल्या तीन अळ्या फिरू दिल्या आणि आज सकाळी काढून टाकल्या. त्यांनी खाल्लेल्या माव्याच्या जागी नवा टाकला. आईला आठ-आठ तास आळीपाळीने दोन्हीकडे ठेवलं.

अळ्या फिरलेल्या शेंड्यावर: शून्य अंडी. बरणीच्या भिंतींवरून सतत चालत राहिली. कोऱ्या शेंड्यावर: तासाभरात २२ अंड्यांचा पुंज.

एकदा केलेल्या प्रयोगावर मी निष्कर्ष टांगणार नाही. पण संशोधकांनी हे नीट तपासलेलं आहे. अळी चालताना मागच्या टोकाने रसायनाची पुसट वाट सोडत जाते, मादीला ती कळते, आणि ती तिथे अंडी घालायची टाळते. आपल्या आधी तिथे कुणाची तरी मोठी पोरं आहेत, ती आपली अंडी खातील.

आणि तिचा हिशोब यापुढचाही आहे. मावा पिल्लं थेट जन्माला घालतो, नराशिवायही, त्यामुळे कळप झपाट्याने वाढतो आणि तितक्याच झपाट्याने ओसरतो, पंखवाले मावे उडून जातात. अंडं ते प्रौढ या प्रवासाला ढालकिड्याला साधारण तीन आठवडे लागतात. पूर्ण फुललेल्या कळपात अंडी घातली तर पोरं मोठी होईपर्यंत ताट रिकामं. कळप नुकता धरत असताना घातली तरच जमतं. भाचीच्या परवाच्या प्रश्नाचं हे दुसरं उत्तर.

जागा निवडण्याची रीत जातीजातीत वेगळी असते. रोडोलिया कार्डिनॅलिस हा छोटा लाल ढालकिडा आपली लाल अंडी सरळ कापशी खवले किडीच्या अंड्यांच्या पिशवीवर ठेवतो, अळी जन्मते तीच जेवणावर. १८८८ मध्ये अल्बर्ट कोबेल यांनी तो ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियाला पाठवला आणि संपत चाललेल्या संत्र्या-लिंबांच्या बागा थोड्याच काळात सावरल्या. अंडं कुठे ठेवायचं ही गोष्ट एवढी मोठी आहे.

२७ जानेवारी

तिसरी कात. चौथी अवस्था सुरू. डिश ९ रिकामी, झाकण नीट बसलं नव्हतं. शोधली, मिळाली नाही. वेगळ्यांतल्या १० उरल्या.

२८ जानेवारी

वाईट दिवस. सकाळी निघायच्या घाईत मोठ्या बरणीत मावा टाकायचा राहिला. परत आले तर सातच्या पाच झालेल्या. एका अळीच्या तोंडात दुसरीचं अर्धं शरीर होतं. जिला खाल्लं तिच्या पाठीला चीर गेलेली होती, म्हणजे ती कात टाकत असताना, अंग मऊ आणि पाय जागेला चिकटलेले असताना सापडली. पळता न येण्याची तीच एक वेळ.

अंडं खाल्लं तेव्हा दोघींच्या वयात काही तासांचा फरक होता. इथे कात आधी टाकलेली आणि नंतर टाकणारी, एवढाच. दोन्ही वेळा जी मागे राहिली ती गेली.

२९ जानेवारी

चौथ्या अवस्थेच्या भुकेची मोजणी. डिश २ मध्ये सकाळी ८ ला ८० मावे मोजून टाकले, दुसऱ्या दिवशी ८ वाजता १९ उरले. म्हणजे २४ तासांत ६१. पहिल्या अवस्थेत हीच दिवसाला पाच-सहा खात होती. अळीपणीच्या एकूण खाण्यातलं निम्म्याहून जास्त या शेवटच्या चार-पाच दिवसांत होतं. लहान मावा पूर्ण चावून खाते. मोठ्याला एका जागी पकडून पोटात पाचक रस सोडते, मग ओढून घेते. मावा पिचकतो, फुगतो, पुन्हा पिचकतो. भिंगाखाली हे फार वेळ बघवत नाही, पण एकदा बघायलाच हवं.

बाहेरच्या कुंडीतल्या एका पानावर तयार कोष मिळाला. तो वेगळ्या बाटलीत ठेवला, त्यावर "बाहेरचा" अशी चिठ्ठी.

३० जानेवारी

मोठ्या बरणीत आता तीन. काल मावा ओसंडून होता, तरीही. एक कोषाला बसायच्या तयारीत असताना खाल्ली गेली आणि एक कशी गेली ते दिसलं नाही.

३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी

खाणं बंद. अळी पानाला किंवा झाकणाला मागचं टोक चिकटवते, अंग कुबड्यासारखं वाकवते आणि दिवसभर तशीच. मग शेवटची कात पाठीवर फाटते आणि खाली सरकत टोकाशी चुरगळून बसते. आतून निघतो तो कोष: आधी पिवळा, मग नारिंगी, त्यावर काळे डाग. रेशमाचं घर वगैरे काही नाही, उघडाच.

१३ कोष. वेगळ्यांतले १०, एकत्र ठेवलेल्यांतले ३. बाराला दोन अपघात, आणि सातातले चार बहिणभावांनी नेलेले.

कोष ७ झाकण उघडताना सुटून खाली पडला. तसाच टिश्यूवर ठेवलाय.

३ फेब्रुवारी

कोषाला कुंचल्याचा केस लावला की तो अंगाला झटका देऊन ताठ उभा राहतो, तीन-चार वेळा, मग पुन्हा पानाशी टेकतो. डोळे नाहीत, पाय बांधलेले, तरी मुंगी किंवा माशी अंगावर बसू नये एवढी सोय आहे.

ती सोय दरवेळी पुरत नाही. "बाहेरचा" कोष काळपट पडला होता. आज त्याच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि बाटलीत ११ बारक्या काळ्या गांधीलमाश्या, प्रत्येक एक-दीड मिलिमीटरची. आईगांधीलमाशीने अळीत किंवा कोषात अंडी घातली होती, पोरं आतून खाऊन वाढली. ढालकिड्याच्या पोरांसाठी मावा, या पोरांसाठी ढालकिडा. प्रौढांनाही सुटका नाही. डायनोकॅम्पस कॉक्सिनेली नावाची गांधीलमाशी प्रौढ ढालकिड्याच्या पोटात एकच अंडं घालते. अळी बाहेर पडून त्याच्या पायांमध्ये कोष विणते, आणि तो जिवंत ढालकिडा त्या कोषावर थरथरत पहारा देत राहतो. वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

५ फेब्रुवारी, पहाट

डिश २. कोषाला पुढून चीर गेली तेव्हा ५:२० वाजले होते. डोकं आणि पुढचे पाय बाहेर, मग थांबली. परत जोर, परत थांबली. वीस मिनिटांत पूर्ण बाहेर.

लाल नाही, ठिपके नाहीत! फिकट पिवळी, ओली, साखरेच्या पाकात बुडवल्यासारखी चकचकीत. पाठीवरच्या ढाली मऊ, आणि त्यांच्या खालून आतले पातळ पंख लांबवर बाहेर आलेले, सुकण्यासाठी. तासाभराने पहिला ठिपका धुरकट दिसायला लागला, मधला, सातवा. दुपारपर्यंत सातही काळे. पाठ मात्र अजून पिवळी-नारिंगी. गडद लाल व्हायला आणखी कित्येक दिवस लागतील. जितके ठिपके तितकं वय असं लहानपणी आम्ही मानत होतो. ठिपके जन्माच्या दिवशीच पूर्ण होतात आणि पुढे बदलत नाहीत. वय सांगायचंच तर थोडंफार लाल रंग सांगेल.

६ फेब्रुवारी

सगळे १३ बाहेर. कोष ७ मधल्याचे पंख आवळलेले, एक ढाल चुरगळलेली. कोष पानाला टांगलेला असला की किड्याला रिकाम्या कातडीला धरून स्वतःला ओढून घेता येतं आणि पंख मोकळे लटकून पसरतात. याला ते मिळालं नाही. उडता येणार नाही. याला मी शेवटपर्यंत सांभाळणार.

२६ मधून १२ धडधाकट.

८ फेब्रुवारी

पंख मिटताना नीट पाहिलं. आतला पंख शरीरापेक्षा बराच लांब आहे. ढाली आधी मिटतात, मग पोट वर-खाली घासत बाहेर राहिलेला पंख हळूहळू आत ओढला जातो. आत नक्की काय होतं ते ढालीमुळे दिसत नाही. तोक्यो विद्यापीठातल्या संशोधकांनी यासाठी ढालीचा एक तुकडा काढून त्या जागी पारदर्शक राळेची ढाल बसवली होती, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. शिरांमधला ताण आणि घड्यांची ठरलेली जागा, दोन्ही मिळून पंख घडी होतो. एवढ्या नाजूक वस्तूला पुन्हा पुन्हा दुमडून काही होत नाही.

१२ फेब्रुवारी

बारापैकी नऊ बाहेर सोडले. भावाबहिणींचं मिलन नको म्हणून डिश २ मधली मोठी मादी ठेवली आणि कुंडीवर सापडलेला एक लहानसर नर तिच्या बरणीत सोडला. आणखी दोन मादी राखीव.

नर तिच्याजवळ पोहोचला, मिशांनी पाठ चाचपली आणि सरळ वर चढला. फार आर्जवं दिसली नाहीत. मधूनमधून तो आख्खं अंग डावी-उजवीकडे हलवायचा, पाच-सात हेलकावे आणि विश्रांती. ती या काळात चालत होती, दोन मावेही खाल्ले. २ तास १० मिनिटं.

मादी एकाहून जास्त नरांशी मिलन करते, त्यामुळे एका पुंजातल्या सगळ्यांचा बाप एकच असतो असं नाही. मी वर लिहिलेल्या "भावाबहिणी" या शब्दाला इथे थोडी मर्यादा आहे. दोन ठिपक्यांच्या ढालकिड्यात तर आणखी एक गोष्ट होते: काही माद्यांच्या अंगात असे जीवाणू असतात जे नर गर्भ अंड्यातच मारतात. निम्मी अंडी फुटत नाहीत, आणि ती खाऊन बहिणी मोठ्या होतात. जीवाणू आईकडून मुलीकडे जातो, मुलग्यातून पुढे जात नाही. म्हणून त्याला बहिणी जगण्यातच फायदा.

माझ्या चार करड्या अंड्यांना हे लागू नसावं, तिथे ४ विरुद्ध १९ असा आकडा होता.

१८ फेब्रुवारी

पहिला पुंज! २८ अंडी, टिश्यूवर. जन्मून तेरा दिवस झाले.

आता जानेवारीतला राहिलेला प्रश्न. ओल्या कुंचल्याने कडेची १० अंडी एकेक सोडवली. एकमेकांना चिकटलेली असल्याने दोन फुटली, मन खट्टू झालं. ८ अंडी ८ वेगळ्या डिशमध्ये, उरलेली १८ एकत्र, हात न लावता.

२० फेब्रुवारी, रात्र

आठांपैकी ७ करडी, १ पिवळं.

२१ फेब्रुवारी

एकत्र असलेल्यांतली १५ सकाळी ७ ते ११ मध्ये फुटली. उरलेली ३ (२ करडी, १ पिवळं) दुपारपर्यंत खाल्ली गेली.

वेगळ्या डिशमधल्या सहा अळ्या त्याच वेळेत निघाल्या. सातवं अंडं, डिश ६, करडं, तसंच. ११ वाजले, १ वाजला, ३ वाजले. आत हालचाल होती. भाची शाळेतून आल्यापासून त्याच डिशपाशी बसून होती, जेवायलाही उठेना. ५:५० ला कवचाला चीर गेली. पहिल्या अळीनंतर जवळजवळ अकरा तासांनी.

पिवळं अंडं रात्री ११ पर्यंत पिवळंच.

म्हणजे निदान हे एक करडं अंडं फुटणारं होतं. पुंजात असतं तर दुपारी संपलं असतं.

२२ फेब्रुवारी

डिश ६ मधल्या अळीला रात्रभर कवचावर बसू दिलं. तिच्या वाट्याला शेजारचं अंडं नव्हतं, पोट रिकामं. सकाळी सगळ्यात बारीक मावा निवडून तिच्यासमोर ठेवला. दोनदा तिच्या अंगाला लागून गेला, दोनदा निसटला. तिसऱ्यांदा तिने मागचा पाय पकडला. मावा तिला ओढत दोन मिलिमीटर घेऊन गेला, तिने सोडलं नाही. ८:१० ला खायला सुरुवात, ९:२५ ला संपलं.

"आत्या, हिचा वेगळा नंबर ठेव," भाचीने सांगितलं. वहीत लिहिलंय: ६, उशिराची.